एका आट्याचं अंतर

कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि आतल्या काळ्या रंगावर मला माझीच खूण दिसली. सुईनं ओरखडलेल्या तीन बारीक रेघा, चिमणीच्या पावलासारख्या. ही खूण मी कधीच सोडून दिली होती, इतकी की पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्या कुणाची तरी असेल. मग बोटांनी ओळखली. डोळ्यांच्या आधी बोटं ओळखतात, हे मला या धंद्यात फार वेळा जाणवलंय. काउंटरच्या पलीकडे घडीचा कॅमेरा घेऊन आलेली बाई उभी होती. चाळिशी ओलांडलेली, रुंद खांद्यांची, ओले केस मागे घट्ट बांधलेले. मुलांना पोहायला शिकवते म्हणाली. तलावाच्या औषधाचा तो डोळ्यांत जाणारा वास तिच्याबरोबर दुकानात आला होता आणि जुन्या चामड्याच्या वासात मिसळायला तयार नव्हता.

"उघडमीट नीट झाली तरी पुरे," ती म्हणाली. "बाबांना हातात धरायला हवाय. आता माझ्याकडे राहायला आलेत ना, तर सामानात हा निघाला. फोटो नाही काढायचे त्यानं."

"का बरं?"

"बाबांचे फोटो कधी आलेच नाहीत नीट. आमच्या घरातला विनोद आहे तो." तिनं पर्समधून एक छोटा, कडा दुमडलेला फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. दाराच्या पायरीवर एक बाई, तिच्या मांडीवर सहा-सात वर्षांची मुलगी. दोघी जणू दुधात बुडवून काढलेल्या. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, कळत नव्हतं. पण त्यांच्या मागे, चार-पाच फुटांवर, कपडे वाळत घालायची तार होती. तिच्यावर सहा चिमटे होते आणि त्यातल्या तिसऱ्या चिमट्याचं एक टोक मोडलेलं होतं. ते मोडलेलं टोक इतकं स्पष्ट होतं की बोटाला टोचेल असं वाटलं.

"आई म्हणायची, हा माणूस माझ्याकडे बघतच नाही, माझ्या मागे बघतो," ती हसत म्हणाली. "आणि बाबा म्हणजे टेप लावून अंतर मोजायचे! जमीन मोजणीच्या खात्यात होते ना. आम्ही उभे, आणि हे टेप घेऊन वाकलेत. आई म्हणायची, फोटो काढायचाय की प्लॉट पाडायचाय?"

मीही हसले. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसावं तशी. पण तेवढ्यात माझ्या अंगठ्यानं आपलं आपण पुढच्या भिंगाचं कडं फिरवून पाहिलं होतं आणि ते जिथे थांबायला हवं होतं त्याच्या जरा पुढे जाऊन थांबलं. जरासंच. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं. पावती लिहिताना माझं अक्षर नेहमीसारखं आलं, याचं मला नवल वाटलं. ती गेल्यावर दुकानात बराच वेळ पाण्याचा वास रेंगाळत होता.

हे कॅमेरे पुस्तकासारखे मिटतात. बटण दाबलं की पुढचं दार पडतं आणि चामड्याच्या भात्याला धरून भिंग पुढे सरकतं, झोपेतून उठून कुणीतरी मान बाहेर काढावी तसं. मामा म्हणायचे, यंत्रांत श्वास घेणारं एवढं एकच. दुकान त्यांचं होतं. आईच्या या एकुलत्या एका भावाकडे मी एकोणिसाव्या वर्षी काम शिकायला आले, कारण कॉलेजात माझं लक्ष लागत नव्हतं आणि घरात माझ्याकडे बघून सगळे एकदम गप्प होत. मामा गप्प होत नसत. ते सारखे बोलत, पण कॅमेऱ्याशी. "काय गं, कुठे दुखतंय तुला," असं म्हणत ते भात्यात छोटा दिवा सोडत, दुकानाचा पडदा ओढून घेत, आणि काळ्या घड्यांच्या कोपऱ्यांतून प्रकाशाचे टिपके दिसू लागत. ती भोकं बुजवायची. एकेक टिपका विझत जायचा. त्या अंधारात मला पहिल्यांदा वाटलं होतं की मी कुठेतरी पोचलेय. आजही भात्यात दिवा सोडला की मला वयाचा पत्ता राहत नाही. मामा मागे उभे आहेत असं वाटतं आणि मी मुद्दाम वळत नाही.

दुपारी मी पुढचं भिंग काढलं. ते बरणीच्या झाकणासारखं आट्यांवर फिरतं. आत-बाहेर जातं तसं जवळचं किंवा लांबचं स्पष्ट होतं. गंमत अशी की हे आटे तीन ठिकाणांहून सुरू होतात. भिंग तिन्ही ठिकाणी बसतं, तिन्ही ठिकाणी लोण्यासारखं फिरतं, आणि तिन्हींतलं एकच खरं असतं. ते कोणतं, हे बाहेरून बघून सांगता येत नाही. त्यासाठी मागच्या बाजूला, फिल्मच्या जागी, पातळ कागद ताणून लावायचा आणि अगदी लांबची एखादी वस्तू त्यावर नीट उमटते का ते पाहायचं. आमच्या दुकानाच्या खिडकीतून लांबवर पाण्याची उंच टाकी दिसते. मामांनी आयुष्यभर तीच टाकी पाहिली, उलटी, कागदावर, नखाएवढी. टाकीच्या शिडीच्या पायऱ्या मोजता आल्या की काम झालं. या कॅमेऱ्यात भिंग चुकीच्या ठिकाणाहून बसवलेलं होतं. एका आट्याचा फरक. दहा फुटांवर लावलं की कॅमेरा पंधरा-सोळा फुटांवरचं बघणार. माणसाला ओलांडून, त्याच्या मागचं.

आणि मग धुकं आलं. म्हणजे आठवलं, पण आठवलं असं म्हणण्यापेक्षा ते खिडकीतून आत आलं असंच म्हणायला हवं. ती सकाळ पांढरी होती. रस्त्यापलीकडची दुकानंसुद्धा नव्हती, टाकीचं तर नाव नको. मी पहिल्यांदाच एक अख्खा कॅमेरा एकटीनं खोलून, पुसून, जोडून ठेवला होता. मामांनी सांगितलं होतं, हा पुरा झाला की आत स्वतःची खूण कर. खूण कोणती करायची हे मी आठवडाभर वहीच्या मागच्या पानांवर ठरवत होते. मी कागद लावला, खिडकीशी गेले, आणि कागदावर दूध होतं. नुसतं दूध. मी थोडा वेळ थांबले. किती थांबले ते आठवत नाही. मग कागद काढला आणि सुई घेतली. मामा आतून विचारत आले, "लांबचं बघितलंस ना?" आणि मी म्हणाले, "हो."

एवढंच. एक अक्षर. लगेच गिऱ्हाईक आलं, धुक्यातून, भिजल्यासारखं. सडपातळ, कानामागे पेन्सिल खोचलेली. हा कॅमेरा त्यानं जुन्या बाजारात घेऊन थेट आमच्याकडे आणून टाकला होता. कॅमेरा हातात घेऊन त्यानं विचारलं, "खात्री आहे ना?" मामांनी माझ्याकडे बोट केलं. "हिनं केलाय. माझ्यापेक्षा हिचा हात बारीक आहे." तो माणूस माझ्याकडे वळला, आणि लहान मुलीकडे बघून मान हलवतात तशी नाही, बरोबरीच्या माणसाला हलवतात तशी त्यानं मान हलवली. आयुष्यात मला तशी मान हलवणारा तो पहिला. ती मान मी कितीतरी वर्षं जपली होती. घरी कुणी बोललं की ती बाहेर काढून बघायची. तिच्याखाली काय गाडलं होतं, ते मात्र साफ विसरले होते.

"पस्तीस वर्षं झाली," संध्याकाळी आमचे हे म्हणाले. पुस्तकं बांधायचं काम करतात. बोटांना सदानकदा खळ. "पस्तीस वर्षांत खुनीसुद्धा सुटून घरी येतो. तू ते भिंग सरळ कर आणि देऊन टाक. कुणाला कळणारेय?"

"मला कळलंय ना."

"तुला कळून काय उपयोग? म्हाताऱ्याला कशाला सांगायचं? आता फोटो काही स्पष्ट होणार नाहीत. नुसता जीव जाळायचा त्याचा."

ते चुकीचं बोलत नव्हते. हीच तर पंचाईत. मी पोहायला शिकवणाऱ्या बाईला फोन केला होता, भात्याच्या चामड्याचं काहीतरी विचारायचं निमित्त करून, आणि बोलता बोलता विचारलं होतं की बाबांनी फोटो काढणं कधी सोडलं. ती म्हणाली, आठ-नऊ वर्षं काढत होते, मग एकदम बंद. "आमच्या लक्षात आलं नाही तेव्हा. पण त्याच सुमारास ते कामावर प्रत्येक मोजणी दोनदा, तीनदा करायला लागले. साहेब वैतागले. मग स्वतःच अर्ज करून नकाशांच्या खोलीत बसले, टेबलाशी. मोजायला परत बाहेर गेलेच नाहीत." मी विचारलं, कॅमेरा परत कुणाला दाखवला नाही? ती हसली. "आई म्हणाली होती दाखवा म्हणून. तर म्हणे, दुरुस्त करून आणलेलं यंत्र चुकत नाही. माणूस चुकतो."

त्यानंतरचे तीन-चार दिवस मी काम केलं, पण काचेच्या मागून केल्यासारखं. भात्याची दोन भोकं बुजवली. शटरच्या पात्यांवरचं गोठलेलं तेल काढलं. दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत आडवी झाले की डोळ्यांपुढे ती पायरी यायची. मी त्या फोटोत शिरायची. आत सगळीकडे कोवळं, मऊ ऊन असायचं आणि माणसांना कडा नसायच्या. ती आई मला काहीतरी सांगत असायची, मी तिच्याजवळ जायची, अगदी चेहऱ्याशी चेहरा नेला तरी तो दुधासारखा हलायचा आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त मागची तार, तारेवरचे चिमटे, त्या चिमट्यांतली स्प्रिंग, स्प्रिंगवरचा गंज. मला वाटायचं, हिला विचारावं की तुम्ही ते विनोदानं म्हणत होतात ना? हा माणूस माझ्याकडे बघत नाही, हे? पण एखादं वाक्य रोज विनोदानं म्हटलं की ते घरातल्या भांड्यासारखं होतं. कुणी आणलं, कधी आणलं, कुणाला आठवत नाही, आणि सगळे त्यातूनच पाणी पितात. मी जागी व्हायची तेव्हा हातापायांना मुंग्या आलेल्या असायच्या. बाहेर रस्त्यावर लोक चाललेले दिसायचे, आणि क्षणभर त्यांनाही कडा नसायच्या.

पाचव्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. मी कागद ताणून लावला, भिंग खऱ्या जागी बसवलं, खिडकीशी गेले. टाकी आली, उलटी. शिडीच्या पायऱ्या मोजल्या. एकवीस. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत. मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. इतक्या थोड्या वेळाचं काम होतं, याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. मग फोन केला आणि म्हणाले, तुम्ही येऊ नका, मीच कॅमेरा घरी आणून देते. बाबांना समजावून सांगायला हवं थोडं.

मी गेले तेव्हा मुलगी तलावावर होती. दार म्हाताऱ्यानंच उघडलं. ऐंशी उलटलेला, पण पाठ ताठ. अंगातला स्वेटर कोपरांवर रफू केलेला. खोलीत मोठी खिडकी, खिडकीशी दोन खुर्च्या, मध्ये छोटं टेबल. सकाळचं ऊन पडद्यातून गाळून माझ्या खुर्चीवर पडत होतं. मी कॅमेरा टेबलावर ठेवला. म्हणाले, रोल घातलाय आत, वापरून बघा. त्यांनी बटण दाबलं. दार पडलं, भाता उलगडला. त्यांचा चेहरा उजळला, तेव्हा मला वाटलं, नकोच. आमचे हे म्हणतात तेच खरं. उठावं आणि निघावं. पण तोंड उघडलं होतं.

"या कॅमेऱ्यात चूक होती," मी म्हणाले. "तुमची नव्हे. पस्तीस वर्षांपूर्वी तुम्ही दुरुस्तीला दिला होतात, तेव्हा पुढचं भिंग चुकीच्या आट्यावर बसवलं गेलं. ते मी बसवलं होतं. त्या दिवशी धुकं होतं. लांबचं तपासता आलं नाही, आणि मी खोटं सांगितलं की तपासलं."

त्यांनी वर पाहिलं नाही. "किती चुकलं होतं?"

"एक आटा."

"फुटांत सांगा."

"दहावर लावलं तर पंधरा-सोळा."

ते उठले, आतून अल्बम घेऊन आले, चष्मा बदलला. पहिलं पान. बायको बागेतल्या बाकावर; तिच्या मागचं झाड पानन् पान मोजता येईल असं. "हे झाड त्या बाकापासून सहा फूट," ते म्हणाले. दुसरं पान. "ही भिंत. साडेपाच." तिसरं. प्रत्येक ठिकाणी ते बोट ठेवत, डोळे मिटत, आकडा सांगत आणि पान उलटत. एकदाही अडले नाहीत. इतक्या वर्षांनंतर सगळी अंतरं त्यांना पाठ होती. अर्ध्या अल्बमात थांबले. "बरोबर येतंय," ते म्हणाले, एखाद्या सहकाऱ्याला सांगावं तसं. मग पहिल्यांदा वर पाहिलं.

"तू होतीस ती," ते म्हणाले. "पोरसवदा. खिडकीशी बसलेली."

"हो."

"मी बायकोला म्हणायला हवं होतं की कॅमेरा बिघडला असेल. एवढं साधं. पण मला वाटलं, ती म्हणतेय त्यात काहीतरी असेल. असेल माझी नजर तशी. मग मी बघायला लागलो तिच्याकडे, मुद्दाम, ठरवून. आणि ठरवून बघितलं की माणसाला कळतं गं. तिला कळायचं." त्यांनी अल्बम मिटला. "चार वर्षं आधी यायला हवं होतंस."

चार वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली, हे मुलगी फोनवर म्हणाली होती. मला माफी मागायची होती. वाक्य तयार करून आणलं होतं, वाटेत दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. ते आता इतकं छोटं वाटलं की मी ते तसंच गिळलं. उन्हात बसून राहिले. त्यांनी कॅमेरा परत मांडीवर घेतला होता. कडं फिरवत होते, भाता चाचपत होते, शटरची कळ ओढून सोडत होते. म्हातारी माणसं हातात येईल त्याच्याशी चाळा करतात तसं. एकदा बारीकशी टिक झाली. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. शेवटी ते म्हणाले, "जा आता तू," आणि मी उठले. दारापर्यंत आले नाहीत.

तीन आठवडे काही कळलं नाही. मग एका सकाळी मुलगी दुकानात आली. केस तसेच ओले. तिनं रोल काउंटरवर ठेवला, हातात दिला नाही. "बाबांनी संपवलाय. तुम्हीच धुवा म्हणाले." मी हो म्हटलं. ती वळली, परत फिरली. "त्यांनी सांगितलं मला सगळं. मला तुमच्यावर खूप रागवायचं होतं. येताना काय काय ठरवलं होतं. आईचा एक फोटो नाही हो माझ्याकडे ज्यात तिचे डोळे दिसतात. एक नाही." मी रोल उचलून पाकिटात घातला. "परवा येते," ती म्हणाली आणि गेली.

बारा फोटो होते. अंधाऱ्या खोलीत फिल्म वाळत टांगली आणि एकेक चौकट खालून वर बघत गेले. तलावाच्या काठावर शिट्टी तोंडात धरलेली मुलगी. स्वयंपाकघरात पाठमोरी मुलगी. मुलीचे हात. मुलगी चिडलेली, काढू नका म्हणणारी. रिकामी खुर्ची, तिच्या वेताची वीण मोजता येईल अशी. पुन्हा मुलगी, डोळे मिटून हसणारी. आणि सगळ्यात वर, पहिल्या चौकटीत, खिडकीच्या उन्हात बसलेली एक बाई. उलट्या रंगांत मी तिला ओळखलं नाही. कागदावर उतरवली, द्रावणात कागद हलवला, तेव्हा आधी डोळे आले, मग तोंडाभोवतीच्या रेघा, मग मांडीवर एकमेकांना घट्ट धरून ठेवलेले हात. माझे फोटो मी कधी काढून घेत नाही. पण ही आरशातली मी नव्हते. हिच्या चेहऱ्यावर काहीच झाकलेलं नव्हतं, आणि भुवईचा केसन् केस वेगळा होता.

ठरल्या दिवशी मुलगी आली. मी सगळे फोटो काउंटरवर मांडले. स्वतःचे तिनं फार वेळ पाहिले, एकावर बोट ठेवून तशीच थांबली. मग गठ्ठा केला आणि त्यातला पहिला बाजूला काढून माझ्याकडे सरकवला.

"हा तुमचा. बाबांनी आधीच सांगून ठेवलंय, तिला द्यायचा."

"त्यांनी कधी काढला, मला कळलंच नाही."

"तेच ते म्हणत होते," ती म्हणाली. "म्हणाले, खोलीतला उजेड कमी होता, सेकंदाच्या पंचविसाव्या भागावर काढावा लागला. एवढ्या वेळात माणसं हलतात. ही हलली नाही."